प्रवेश मिळाला, आपलेपणाचे काय?

जून महिना उजाडला की, महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांच्या चौकांत अभिनंदनाचे फलक झळकू लागतात. शिकवणी वर्गांच्या जाहिरातींत मुलामुलींची छायाचित्रे आणि त्याखाली ठळक अक्षरांत त्यांचे क्रमांक छापले जातात. गावातील मंडळे सत्कार करतात, शाळेचे मुख्याध्यापक शाल पांघरतात, आईवडिलांच्या डोळ्यांत पाणी येते. हा आनंद अनाठायी म्हणता येणार नाही. २०२५ साली संयुक्त प्रवेश परीक्षेच्या पहिल्या टप्प्याला देशभरातून सुमारे १५ लाख विद्यार्थी सामोरे गेले. दुसऱ्या, म्हणजे ‘ॲडव्हान्स्ड’ टप्प्यावर १ लाख ८० हजार बसले, ५४ हजार उत्तीर्ण झाले आणि २३ आयआयटींमध्ये मिळून जागा होत्या सुमारे १८ हजार. इतक्या निमुळत्या वाटेवरून जो पलीकडे पोहोचला, त्याचे कौतुक समाजाने करायलाच हवे.

प्रश्न पुढचा आहे. सत्काराची शाल घडी करून कपाटात गेली, मुलगा पेटी घेऊन पवईच्या किंवा खरगपूरच्या वसतिगृहात दाखल झाला, त्यानंतर त्याचे काय होते, याची चौकशी समाज करतो का? चार वर्षांनंतर नोकरीचे ‘पॅकेज’ किती लाखांचे, एवढी एक बातमी तेवढी पुन्हा गावापर्यंत पोहोचते. मधल्या चार वर्षांत त्या मुलाने काय सोसले, काय कमावले, कोणाशी बोलला, कोणाशी बोलू शकला नाही, हा विषय कोणाच्याच पटलावर येत नाही. आज त्याविषयीच गांभीर्याने विचार करण्याची वेळ आली आहे.

या संस्था कशासाठी उभ्या राहिल्या, हे आधी स्मरले पाहिजे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, नलिनीरंजन सरकार समितीने उच्च तंत्रशिक्षणाच्या संस्थांची शिफारस केली. त्यातील पहिली १९५१ साली खरगपूरजवळ हिजली येथे सुरू झाली. ज्या इमारतीत ती सुरू झाली, ती ब्रिटिशांची बंदीशाळा होती. १६ सप्टेंबर १९३१ रोजी तेथे निःशस्त्र राजबंद्यांवर गोळीबार झाला आणि संतोष मित्र व तारकेश्वर सेनगुप्त हे दोन क्रांतिकारक हुतात्मा झाले. जेथे परकीय सत्तेने तरुणांना डांबले, तेथेच स्वतंत्र देशाने तरुणांना घडविण्याचे काम आरंभिले. मुंबईची संस्था १९५८ साली वरळीतील एका तात्पुरत्या जागेत सुरू झाली. साडेतीन हजारांच्या आसपास अर्जांतून १०० मुले निवडली गेली. युनेस्कोच्या माध्यमातून सोव्हिएत संघाची यंत्रसामग्री व तज्ज्ञ मिळाले आणि पवई तलावाच्या काठी आजचा विस्तीर्ण परिसर आकाराला आला. या संस्थांचा मोठा खर्च सामान्य करदात्याने उचलला आहे. म्हणूनच तेथे शिकणारा विद्यार्थी हा केवळ एका कुटुंबाचा राहत नाही, तो राष्ट्राची ठेव असतो. ठेव सांभाळण्याची जबाबदारीही मग सर्वांवर येते.

या परिसरात पाऊल ठेवताच विद्यार्थ्याला जो पहिला धक्का बसतो, तो मोठा विलक्षण असतो. बारावीपर्यंत तो वर्गात, शाळेत, कदाचित जिल्ह्यात पहिला असतो. येथे आल्यावर त्याच्या शेजारच्या खोलीतला मुलगाही त्याच्या जिल्ह्यात पहिला असतो आणि समोरच्या खोलीतलाही. शंभर ‘पहिल्यां’ना एका वर्गात बसविले, तर त्यांतील कोणीतरी शंभरावा येणारच. हे गणित कोणालाही समजते. मात्र ज्याच्या वाट्याला ते येते, त्याला ते सोसणे अवघड जाते. त्यातच अनेक विषयांत मूल्यमापन सापेक्ष असते. पवईत ‘एए’ म्हणजे १० गुणांक, ‘एबी’ म्हणजे ९ आणि अशी शिडी ‘डीडी’च्या ४ गुणांकापर्यंत उतरते. किती आले यापेक्षा इतरांच्या तुलनेत किती आले, यावर श्रेणी ठरते. आयुष्यात कधी ८० टक्क्यांच्या खाली न गेलेला मुलगा पहिल्या सत्रात एखाद्या विषयात नापास होतो आणि ती बातमी घरी कशी सांगावी, हे त्याला सुचत नाही. घरी तर अजून सत्काराचे हार वाळलेले नसतात.

दुसरा अडसर भाषेचा. मुख्य प्रवेश परीक्षेचा पहिला टप्पा २०२१ पासून मराठीसह १३ भाषांतून देता येतो, ही समाधानाची गोष्ट आहे. पण ‘ॲडव्हान्स्ड’ टप्पा आजही हिंदी व इंग्रजीतूनच होतो आणि वर्गातले अध्यापन बहुतांशी इंग्रजीतून चालते. लातूर, परभणी, गडचिरोलीच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलाला ‘बल’ आणि ‘संवेग’ या संकल्पना उत्तम समजलेल्या असतात. कित्येकदा इंग्रजी शाळेतल्या मुलापेक्षा अधिक स्पष्ट समजलेल्या असतात. पण तीनशे जणांच्या व्याख्यानगृहात हात वर करून इंग्रजीत शंका विचारायची, या कल्पनेनेच त्याचा घसा कोरडा पडतो. शंका मनात राहते, पुढचे व्याख्यान त्या शंकेवर उभे राहते आणि दोन आठवड्यांत विषय हातचा निसटतो. पाहणारा म्हणतो, मुलगा कच्चा होता. वस्तुतः मुलगा कच्चा नसतो, त्याची जीभ बांधली गेलेली असते.

मराठी शिक्षणाने माणूस मागे राहतो, असा निष्कर्ष मात्र कोणी यातून काढू नये. गोव्याचे माजी मुख्यमंत्री व देशाचे माजी संरक्षणमंत्री स्व. मनोहर पर्रीकर यांचे माध्यमिक शिक्षण मराठीतून झाले होते. १९७८ साली ते पवईतून धातुशास्त्रातील अभियंता होऊन बाहेर पडले आणि २००० साली मुख्यमंत्री झाले, तेव्हा त्या पदावर पोहोचलेले ते देशातील पहिले आयआयटी पदवीधर ठरले. मातृभाषेत घट्ट रुजलेली बुद्धी कोणत्याही परिसरात उभी राहू शकते, याचे हे उदाहरण आहे. परंतु पर्रीकरांकडे बोट दाखवून ‘त्यांना जमले, तुला का जमत नाही?’ असा प्रश्न अठरा वर्षांच्या मुलाला विचारणे, हा त्या उदाहरणाचा दुरुपयोग होय. थोरांची चरित्रे बळ देण्यासाठी असतात, कोणाला खाली पाहायला लावण्यासाठी नव्हेत.

या दिशेने काही पावले पडत आहेत. राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतून अभियांत्रिकी पदवीला परवानगी दिली आणि महाराष्ट्रात पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयाने संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग सुरू करण्याचा मान मिळविला. पवईच्या आयआयटीतच ‘उडान’ हा प्रकल्प उभा राहिला आणि अभियांत्रिकीची पाठ्यपुस्तके भारतीय भाषांत आणण्यासाठी संगणकीय अनुवादाची साधने त्यातून तयार झाली. जोधपूरच्या आयआयटीने २०२४ पासून पहिल्या वर्षाचे विषय हिंदीतून शिकण्याचा पर्याय दिला. हे प्रयोग स्वागतार्ह आहेत. तथापि पुस्तकाचा अनुवाद झाला म्हणजे विद्यार्थी बोलता झाला, असे होत नाही. संशोधनाची आणि उद्योगाची भाषा आज इंग्रजी आहे, हे मान्य करूनच पहिल्या वर्षी मातृभाषेचा आधार आणि त्याच्या जोडीने इंग्रजीचा सराव, असा पूल बांधावा लागेल. अभिमान आणि व्यवहार यांची सांगड घातली, तरच मुलाचे हित साधेल.

तिसरा विषय अधिक नाजूक आहे आणि म्हणून अधिक स्पष्टपणे बोलण्याजोगा आहे. वसतिगृहात नवा मुलगा आला की त्याला पहिला प्रश्न विचारला जाई तो नावाचा नव्हे, क्रमांकाचा. ‘रँक किती?’ वरवर निरुपद्रवी वाटणाऱ्या या प्रश्नातून समोरचा मुलगा कोणत्या प्रवर्गातून आला, हे काढून घेतले जाते आणि त्या क्षणापासून त्याच्याकडे पाहण्याची नजर बदलते. उघड अपमान होत नाही, पण प्रकल्पाच्या गटात त्याला शेवटी घेतले जाते, विनोदाच्या आडून टोमणे मारले जातात, जेवणाच्या टेबलावर हळूहळू अंतर पडते. फेब्रुवारी २०२३ मध्ये पवईत पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाल्यानंतर हा विषय ऐरणीवर आला आणि त्याच वर्षी संस्थेने विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दुसऱ्याला त्याचा प्रवेश परीक्षेतील क्रमांक विचारणे अनुचित आहे, असे त्यात नमूद करावे लागले.

समरसतेचा उच्चार व्यासपीठांवरून पुष्कळ होतो. तिची परीक्षा मात्र अशा जेवणाच्या टेबलावर होत असते. संविधानाने दिलेली संधी ही भीक नाही, पिढ्यान्‌पिढ्या दार बंद ठेवल्याचे ते परिमार्जन आहे. एवढी साधी गोष्ट देशातील सर्वांत बुद्धिमान म्हणविल्या जाणाऱ्या तरुणांना सांगावी लागत असेल, तर त्यांच्या घरांतून आणि शाळांतून काय शिकविले गेले, याचा विचार पालकांनी, अर्थात आपणच, करायला हवा. मुलगा क्रमांकाच्या अहंकारासह वसतिगृहात पोहोचला असेल, तर तो अहंकार त्याने घरातूनच नेलेला असतो.

आर्थिक बाजूकडेही डोळेझाक करून चालणार नाही. अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांना, तसेच वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असलेल्या कुटुंबांतील मुलांना शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. १ ते ५ लाख उत्पन्न असलेल्यांना दोन तृतीयांश सवलत मिळते. तरतूद चांगली आहे. पण २०२४ साली उत्तर प्रदेशातील एका रोजंदारी मजुराच्या मुलाची धनबादची जागा अवघे १७ हजार ५०० रुपये वेळेत भरता न आल्याने हातची गेली आणि ती परत मिळविण्यासाठी त्याला सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. न्यायालयाने त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला, हे खरे. मात्र साडेसतरा हजार रुपयांसाठी एका गुणी मुलाला न्यायालयापर्यंत जावे लागले, ही खंत उरतेच. शिवाय शुल्क माफ झाले तरी खानावळ, लॅपटॉप, प्रवास, स्नेहसंमेलनाची वर्गणी हे खर्च राहतात. वसतिगृहातील मित्र शनिवारी रात्री बाहेर जेवायला निघतात, तेव्हा ‘मला भूक नाही’ असे सांगून खोलीत थांबणारा मुलगा कोणत्याही तक्त्यात मोजला जात नाही.

या सर्वांची परिणती कोठे होते, हे आकडे सांगतात. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार २०१८ पासून आयआयटी, एनआयटी आणि आयआयएम या संस्थांत मिळून ६१ विद्यार्थ्यांनी जीवन संपविले होते आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक आयआयटीतील होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातील विद्यार्थी आत्महत्यांची संख्या १३ हजारांच्या वर आहे आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर आहे. ज्या यादीत महाराष्ट्राने अग्रस्थानी नसावे, त्या यादीत तो आहे. प्रत्येक घटनेमागे कारणे अनेक असतात, एका कारणाकडे बोट दाखविणे अन्यायाचे ठरते. तरीही प्रश्न एखाद्या संस्थेपुरता नाही, हे मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच अधोरेखित केले आणि निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले.

संस्था हातावर हात धरून बसल्या आहेत, असे म्हणणे योग्य होणार नाही. पवईत प्रथम वर्षाच्या मुलांच्या मदतीला वरिष्ठ विद्यार्थी मार्गदर्शक म्हणून नेमले जातात, समुपदेशन केंद्र आहे. दिल्लीच्या आयआयटीने २०२३ मध्ये सत्रातील परीक्षांचा एक संच कमी केला. पहिल्या वर्षानंतर शाखा बदलण्याच्या स्पर्धेने मुलांवर पहिल्या दिवसापासून ताण येतो, हे ओळखून काही आयआयटींनी ती सोयच बंद केली. खरगपूरने २०२५ मध्ये परिसरात राहणाऱ्या महिलांना विद्यार्थ्यांच्या ‘आई’च्या भूमिकेत जोडून घेण्याची योजना जाहीर केली. तिच्यावर टीकाही झाली, कारण ममत्व हे प्रशिक्षित समुपदेशकाला पर्याय ठरू शकत नाही. टीका रास्त आहे. पण ती योजना ज्या उणिवेतून सुचली, ती उणीव खरी आहे. दहा हजारांहून अधिक मुले एका परिसरात राहतात आणि तरी त्यांतील कित्येकांना रात्री दोन वाजता दार ठोठावता येईल अशी एकही खोली ठाऊक नसते.

वस्तुतः ही उणीव भरून काढण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. एके काळी पुण्यात शिकायला आलेला गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे. आठवड्याचे सात दिवस, सात घरे. त्या व्यवस्थेत उपकाराची बोच होती, मर्यादाही होत्या, हे नाकारता येत नाही; पण मुलगा ठरल्या वारी आला नाही, तर त्याची चौकशी करणारे कोणीतरी असे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात विविध समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांची मालिका उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका छताखाली आणले, एका पंक्तीत बसविले आणि त्या मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने १९५५ साली सुरू झालेली विद्यार्थी साहाय्यक समिती आजही ग्रामीण मुलामुलींचा आधार आहे. वसतिगृह म्हणजे केवळ खाट आणि टेबल पुरविणारी जागा नव्हे, ती माणूस घडविणारी शाळा आहे, हे या मंडळींनी जाणले होते. पवईच्या खोल्यांत जलद इंटरनेट आले, ही पंगत मात्र विरळ झाली.

पालकांनीही अंतर्मुख होण्याची आवश्यकता आहे. आठवी-नववीपासून मुलाला शिकवणी वर्गाच्या स्वाधीन करायचे, खेळ बंद, सणवार बंद, पाहुणे बंद, अकरावी-बारावी केवळ हजेरीपुरती, अशी वर्षे काढलेल्या मुलाला प्रमेये येतात. पण हरल्यावर काय करायचे, हे येत नाही. कपडे धुणे, पैशाचा हिशेब ठेवणे, भांडण झाल्यावर पुन्हा बोलायला जाणे, मदत मागणे, या गोष्टी त्याने कधी केलेल्याच नसतात. त्यात घरून येणारा प्रत्येक फोन ‘कितवा आलास?’ या प्रश्नाने सुरू होत असेल, तर मुलगा हळूहळू फोन उचलणेच टाळतो. ‘जेवलास का? मित्र कोण झाले? झोप होते का?’ असे विचारणाऱ्या घराला मुलगा नापास झाल्याची बातमीही सांगू शकतो. आयआयटीतून एक सत्र मागे पडलेला किंवा अगदी पदवी न घेता परतलेला मुलगाही घरात ताठ मानेने जेवू शकतो, एवढे आश्वासन त्याला घर सोडतानाच मिळायला हवे.

सज्जनशक्तीने काय करावे, याचे उत्तर फार दूर शोधावे लागत नाही. पवई, विक्रोळी, भांडुप, घाटकोपर या परिसरात हजारो मराठी कुटुंबे राहतात. गणपतीच्या दिवसांत, दिवाळीत घरी जाऊ न शकणाऱ्या दोन मुलांना पंगतीला बोलावणे कोणत्याही कुटुंबाच्या आवाक्यातले आहे. ती मुले मराठीच असावीत, असेही नाही. झारखंडची, मणिपूरची, आंध्रची मुले येथे परक्यासारखी चार वर्षे काढतात आणि मुंबईचे एकही घर आतून न पाहता परततात. आयआयटीत वा अन्य अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकून स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या तालुक्यातून आलेल्या नव्या मुलाशी महिन्यातून एकदा बोलावे, पहिल्या सत्राचे विषय त्याच्या भाषेत समजावून द्यावेत. गावाने सत्काराच्या खर्चातील निम्मी रक्कम प्रवेशाच्या आठवड्यात लागणाऱ्या निधीसाठी राखून ठेवावी. मुलगा अचानक अबोल झाला, जेवण तुटले, झोप उडाली, ‘माझा काही उपयोग नाही’ असे बोलू लागला, तर त्याला उपदेश न करता त्याचे ऐकून घ्यावे आणि तज्ज्ञाकडे न्यावे. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक घरी लिहून ठेवावा.

राष्ट्राच्या उभारणीत तंत्रज्ञानाचा वाटा मोठा आहे आणि तो पुढे वाढतच जाणार आहे. उपग्रह, पूल, औषधे, संगणक प्रणाली घडविणारे हात याच वसतिगृहांतून तयार होतात. त्या हातांकडून देशाने अपेक्षा जरूर ठेवाव्यात. पण अपेक्षा ठेवणाऱ्याने आधाराचा हातही पुढे केला पाहिजे. पुढच्या जूनमध्ये चौकात फलक लावताना त्यावरील मुलाचा दूरध्वनी क्रमांकही मंडळाच्या कार्यकर्त्याने टिपून घ्यावा आणि सप्टेंबरमध्ये, पहिल्या परीक्षेचे गुण हाती पडलेले असतील तेव्हा, त्याला एक दूरध्वनी करावा. त्या वेळी त्याला क्रमांक विचारू नये. तो कसा आहे, एवढेच विचारावे.